हुसकावलेलं तळं

मेक्सिको सिटीतल्या पासेओ दे ला रेफोर्मा या प्रशस्त रस्त्यावर स्वातंत्र्याचा स्तंभ आहे. त्याच्या टोकाशी सोनेरी मुलाम्याची, पंख पसरलेली विजयदेवता उभी आहे. शहरातले लोक तिला नुसतं 'आन्हेल' म्हणतात. १९१० साली, स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीला, हा स्तंभ उभा राहिला तेव्हा त्याच्या चौथऱ्याला नऊ पायऱ्या होत्या. आज तेवीस आहेत. मधल्या काळात चौदा पायऱ्या खालच्या बाजूने जोडाव्या लागल्या. स्तंभाचा पाया खोलवर गेलेला असल्यामुळे तो जागच्या जागी राहिला, आणि भोवतालचा रस्ता, झाडं, दिव्यांचे खांब, थोडक्यात सगळं शहरच, खाली गेलं.

ही राजधानी बघायला येणाऱ्याने पहिल्यांदा या पायऱ्या चढाव्यात असं मला वाटतं. इतर शहरांत इतिहास वाचायला मान वर करावी लागते, शिखरं आणि घुमट बघावे लागतात. इथे नजर जमिनीकडे ठेवावी लागते. कुठला उंबरठा रस्त्याच्या खाली गेलाय, कुठल्या चर्चची भिंत शेजारच्या घराला टेकायला आलीय, कुठला जिना पूर्वी नव्हता, हे दिसायला लागलं की गेल्या सातशे वर्षांची गोष्ट आपोआप उलगडते. ती गोष्ट मुळात एका तळ्याची आहे.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही जवळपास सहाशे मीटर वर. पहिल्या दिवशी चार जिने चढले की धाप लागते. एवढ्या उंचीवर असूनही शहर आहे ते खोलगट भागात, कारण चहूबाजूंनी डोंगर आहेत. आग्नेयेला पोपोकातेपेत्ल हा जागा ज्वालामुखी आणि त्याच्या शेजारी बर्फ पांघरलेला इस्ताक्सिवात्ल. या डोंगरांवर पडलेल्या पावसाला समुद्राकडे जायला वाट नव्हती. ते पाणी खोऱ्याच्या तळाशी साठायचं आणि त्याची पाच तळी व्हायची. दक्षिणेची सोचिमिल्को आणि चाल्को ही गोड्या पाण्याची. मधलं, सगळ्यांत खोलगट तेश्कोको खारं. पावसाळ्यात पाणी वाढलं की पाचही एकमेकांत मिसळून जायची.

या तेश्कोको तळ्यातल्या एका बेटावर मेशिका लोकांनी आपलं गाव, तेनोच्तित्लान, वसवलं. परंपरा सांगते ते साल १३२५. निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तिथे वस्ती करा अशी त्यांच्या देवाची, उइत्सिलोपोच्त्लीची, आज्ञा होती. तोच गरुड आज मेक्सिकोच्या झेंड्यावर आहे. खोऱ्यातल्या चांगल्या जमिनी आधीच इतरांनी धरल्या होत्या, म्हणून उशिरा आलेल्यांच्या वाट्याला दलदल आली. पण त्या दलदलीतून दोनशे वर्षांच्या आत त्यांनी जे उभं केलं, त्याला तोड नाही. तेनोच्तित्लानची वस्ती पुढे दोन लाखांच्या आसपास गेली असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बेटापासून काठापर्यंत पाण्यातून बांधलेले लांब, सरळ रस्ते होते, आणि त्यांत जागोजागी उचलता येणारे लाकडी पूल, म्हणजे होड्यांना वाट राहील आणि शत्रूची वाट तोडता येईल. चापुल्तेपेकच्या टेकडीवरच्या झऱ्यांचं गोडं पाणी एका पाटाने शहरात येत होतं. १४४९ च्या मोठ्या पुरानंतर काठावरच्या तेश्कोको नगरीचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या आखणीनुसार सुमारे सोळा किलोमीटरचा बांध घातला गेला. त्याने पूर तर आवरलाच, शिवाय पूर्वेकडचं खारं पाणी शहराजवळच्या गोड्या पाण्यापासून वेगळं ठेवलं. राजा स्वतः कवी होता, आणि त्या खोऱ्यात आजवर झालेलं सगळ्यांत शहाणपणाचं बांधकाम त्याच्या नावावर आहे.

८ नोव्हेंबर १५१९ रोजी स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस दक्षिणेच्या इस्तापालापाच्या रस्त्याने या शहरात शिरला. तो रस्ता आज पिनो सुआरेस नावाने ओळखला जातो. तिथे फेरीवाल्यांची गर्दी, खेळणी, मोबाईलची आवरणं, कापलेल्या आंब्यावर तिखट भुरभुरून देणाऱ्या बायका. त्या गर्दीतच 'ओस्पिताल दे हेसुस' हे रुग्णालय आहे. कोर्तेसनेच १५२४ मध्ये स्थापन केलेलं हे रुग्णालय आजही चालू आहे. सम्राट मोक्तेसुमा आणि कोर्तेस यांची पहिली भेट इथेच झाली असं सांगणारा फलक भिंतीवर आहे, आणि शेजारच्या चर्चमध्ये वेदीलगतच्या भिंतीत कोर्तेसच्या अस्थी आहेत. फलकावर नाव आणि साल, बाकी काही नाही. या देशात त्याचा भव्य पुतळा शोधूनही सापडत नाही.

पुढच्या दोन वर्षांत जे झालं त्यात तलवारींइतकाच वाटा देवीच्या साथीचा आणि पाण्याचा होता. १५२० मध्ये आलेल्या देवीने शहर पोखरलं. मग कोर्तेसने तेरा जहाजं बांधून तेश्कोको तळ्यात उतरवली, गोड्या पाण्याचा पाट तोडला, बांधाला भगदाडं पाडली. त्लाश्कालासारख्या मेशिकांच्या जुन्या वैऱ्यांचे हजारो सैनिक त्याच्या बाजूने लढत होते, हे स्पॅनिश पराक्रमाच्या कथांत बऱ्याचदा मागे पडतं. ज्या पाण्याने शहर राखलं होतं त्याच पाण्यातून त्याला वेढा पडला. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शेवटचा राजा कुआउतेमोक पकडला गेला आणि तेनोच्तित्लान संपलं.

त्यानंतर कोर्तेसने घेतलेल्या एका निर्णयाची किंमत शहर आजही मोजतंय. नवी राजधानी काठावरच्या टणक जमिनीवर बांधावी असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने बेटावरच बांधायचं ठरवलं. जुन्या सत्तेची जागा नव्या सत्तेने घेतलेली सगळ्यांना दिसायला हवी होती. देवळांचे दगड चर्चमध्ये गेले, कालवे बुजवून रस्ते झाले, डोंगरांवरचं जंगल तुळयांसाठी आणि जळणासाठी तोडलं गेलं, आणि उघड्या झालेल्या उतारांवरची माती पावसाबरोबर तळ्यात येऊन तळं उथळ होत गेलं. फुटलेला बांध पूर्वीसारखा कधीच उभा राहिला नाही. नव्या मालकांना तळं वाचता येत नव्हतं. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे हुसकावून लावायची गोष्ट होती.

१६०७ मध्ये एन्रिको मार्तिनेस या जर्मन वंशाच्या तज्ज्ञाने खोऱ्याच्या उत्तरेचा डोंगर फोडून पाणी बाहेर काढायचं काम हाती घेतलं. हजारो आदिवासी मजूर वेठीला धरून बोगदा झाला, पण तो ढासळत राहिला, आणि १६२९ च्या सप्टेंबरात असा पाऊस झाला की शहर पाण्याखाली गेलं ते जवळपास पाच वर्षं. लोक होड्यांतून फिरायचे. प्रार्थना गच्च्यांवर व्हायच्या. राजधानी दुसरीकडे हलवावी असा विचार माद्रिदपर्यंत गेला, पण इथल्या इमारतींत एवढा पैसा अडकला होता की तो मागे पडला. आजच्या मादेरो रस्त्यावर, मोतोलिनिया गल्लीच्या कोपऱ्यावर, एका इमारतीला माणसाच्या डोक्यापेक्षा वर दगडी सिंहाचं तोंड बसवलेलं आहे. त्या पुरात पाणी तिथवर आलं होतं असं मानतात. खाली कपड्यांची आणि आइसक्रीमची दुकानं, सेल्फी काढणारी पोरं. सिंहाकडे फारसं कुणी बघत नाही. मला मात्र त्या रस्त्यावरची ती सगळ्यांत मोलाची वस्तू वाटली.

पाणी बाहेर काढायचा हा खटाटोप पुढे तीन शतकं चालला. १९०० साली राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासने सुमारे ४७ किलोमीटरच्या मोठ्या कालव्याचं उद्घाटन केलं आणि शहर अखेर पुरातून सुटलं असं जाहीर झालं. कालवा उताराने वाहायला बांधला होता. पण शहर इतकं खचलं की उतारच उरला नाही, आणि सांडपाणी वर चढवायला पंप बसवावे लागले. मग १९७५ मध्ये जमिनीत खोल बोगद्यांची व्यवस्था आली, आणि २०१९ मध्ये ६२ किलोमीटरचा पूर्वेचा महाबोगदा. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीपेक्षा खोल खणलं.

शहर का खचतं, याचं उत्तर नाबोर कार्रियो या मेक्सिकन अभियंत्याने १९४७ मध्ये गणिताने मांडलं. तळ्याच्या तळाशी साठलेल्या चिकणमातीत मातीपेक्षा पाणीच जास्त आहे. शहराची तहान भागवायला विहिरींतून खालचं पाणी उपसलं की ही माती दबते, आणि एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. जुन्या शहराचे काही भाग विसाव्या शतकात आठ-नऊ मीटर खाली गेले. आज मध्यभाग पूर्वीइतक्या वेगाने खचत नाही, पण पूर्वेकडे काही ठिकाणी वर्षाला चाळीस सेंटिमीटरहून अधिक वेग मोजला गेलाय. सगळं एकसारखं खचलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. खरी पंचाईत अशी की एक कोपरा जातो आणि दुसरा राहतो.

सोकालो या मुख्य चौकातल्या कॅथेड्रलमध्ये शिरलं की हे पायांना कळतं. १५७३ मध्ये काम सुरू झालेलं आणि १८१३ मध्ये पुरं झालेलं हे चर्च अमेरिका खंडातल्या सगळ्यांत मोठ्या चर्चपैकी एक आहे. सोन्याने मढवलेल्या वेद्यांकडे चालत जाताना फरशीचा उतार जाणवतो. घुमटातून खाली सोडलेला एक लांब ओळंबा आहे, आणि त्याच्या खालच्या फरशीवर इमारत कुठल्या साली किती कलली त्याच्या खुणा आहेत. १९९० च्या आसपास एका टोकाची आणि दुसऱ्या टोकाची पातळी यांत दोन मीटरहून जास्त फरक पडला होता. अभियंत्यांनी चर्चच्या खाली तीसेक विहिरी खणल्या आणि जो भाग उंच राहिला होता त्याच्याखालची माती थोडी थोडी काढून त्यालाही हळूहळू खाली बसवलं. बुडणाऱ्या भागाला उचलणं शक्य नव्हतं. सगळं चर्च सावकाश आणि बरोबरीने खचावं, एवढंच साध्य करता आलं. मला हे फार मोठं काम वाटतं. चौकाच्या पूर्वेकडे थोडं चाललं तर लोरेतोचं चर्च इतकं कललेलं दिसतं की आपणच तिरके उभे आहोत असा भास होतो.

कॅथेड्रल असं वेडंवाकडं का बसतं, याचं एक कारण त्याच्या शेजारीच उघडं पडलंय. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीचे कामगार ग्वातेमाला रस्त्याच्या कोपऱ्यावर खणत असताना कुदळ एका कोरीव दगडाला लागली. सव्वातीन मीटर व्यासाची शिळा, तिच्यावर डोकं आणि हातपाय तुटलेली चंद्रदेवता कोयोल्शाउकी. मेशिकांचं मुख्य देवालय, स्पॅनिश लोकांनी जमीनदोस्त केलेलं, नेमकं इथे होतं. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, त्यासाठी जुनी घरं पाडली गेली, आणि मध्यवस्तीत देवालयाचे सात थर दिसू लागले. प्रत्येक राजाने आधीच्या देवळावर नवं देऊळ चढवलेलं होतं. जिथे खाली देवळाचा दगड आहे तिथे कॅथेड्रलला आधार मिळतो, जिथे नुसती माती आहे तिथे ते रुततं. पाडलेलं देऊळ वरच्या चर्चला असं आतून वाकवतंय.

असं खालून वर येणं इथे नेहमीचंच आहे. प्रसिद्ध सूर्यशिळा १७९० मध्ये याच चौकाची फरसबंदी करताना सापडली. आता ती चापुल्तेपेकच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. (त्या संग्रहालयाला एक अख्खा दिवस द्यावा. माझ्या मते जगातल्या उत्तम संग्रहालयांत त्याची गणना व्हायला हवी.) पिनो सुआरेस या मेट्रो स्थानकात एका मार्गिकेवरून दुसरीकडे जाताना वाऱ्याच्या देवाचं, एएकात्लचं, गोल देऊळ लागतं. मेट्रो खणताना ते सापडलं आणि स्थानक त्याच्याभोवती बांधलं. रोज हजारो माणसं ऑफिसच्या घाईत त्याला वळसा घालून जातात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोची आणखी एक गोष्ट मनात भरली. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र आहे, कुठे टोळ, कुठे घंटा, कुठे बदक. निरक्षर माणसालाही आपलं स्थानक ओळखता यावं म्हणून ही योजना केली होती. पिनो सुआरेसचं चित्र अर्थातच ते देऊळ.

रस्त्यावरचं शहर मात्र कानांनी ओळखायचं. जुन्या गाद्या, फ्रिज, कपडे धुण्याची यंत्रं विकत घेणाऱ्या भंगारवाल्याची गाडी एका लहान मुलीच्या ध्वनिमुद्रित आवाजात आरोळी देत फिरते. शहरभर तोच आवाज. संध्याकाळी रताळी भाजणाऱ्याच्या गाडीची वाफेची शिट्टी गल्लीच्या टोकापासून ऐकू येते. खाकी गणवेशातले हातपेटीवाले चौकाचौकांत दांडा फिरवून जुन्या चाली वाजवतात. आणि चौकाबाहेरच्या टोपल्यांत राजगिऱ्याच्या वड्या असतात, 'आलेग्रिया' नावाच्या, गुळासारख्या पाकात आणि मधात बांधलेल्या. उपासाला आपण जो राजगिरा खातो तो मूळचा याच खंडातला. मेशिका लोक राजगिऱ्याच्या पिठाची देवमूर्ती करून उत्सवात ती वाटून खायचे. ख्रिस्ती धर्मगुरूंना त्यात आपल्या विधीची विटंबना दिसली आणि या धान्यावर त्यांचा रोष झाला. तरी सोचिमिल्कोजवळच्या तुल्येवाल्कोच्या शेतकऱ्यांनी ते टिकवलं. मिरची, मका, पेरू, सीताफळ, चिकू, शेंगदाणे यांचे ढीग बघत इथल्या मंडईत फिरताना मराठी माणसाला परकं वाटणं कठीण आहे; अमेरिका खंडातली ही पिकं पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांनी जगभर नेली, आणि त्यांतली कित्येक आपल्या ताटात कायमची बसली.

तळ्याने शहराला खचण्याबरोबर आणखी एक गोष्ट दिली. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी सव्वासातनंतर पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. वाटेतल्या गावांत जे धक्के सोसण्याजोगे होते ते या चिकणमातीत पोचल्यावर कितीतरी पटींनी वाढले. ताटलीतला खरवस हलावा तशी जमीन डुलत राहिली. तिच्या डुलण्याची लय मध्यम उंचीच्या, सहा ते पंधरा मजली इमारतींच्या लयीशी जुळली आणि त्याच सर्वाधिक कोसळल्या. दक्षिणेला जुन्या लाव्हाच्या खडकावर वसलेल्या विद्यापीठ परिसराला फारसं काही झालं नाही. हजारो माणसं गेली. सरकार सुन्न झालेलं असताना लोक स्वतः ढिगाऱ्यांवर चढले, बादल्यांच्या रांगा लावून दगड-विटा उपसू लागले. हुआरेस रुग्णालयाच्या ढिगाऱ्यातून आठवडाभराने नवजात बाळं जिवंत बाहेर आली. त्लातेलोल्कोतल्या तरुणांनी अरुंद भगदाडांतून आत शिरून माणसं काढली. त्यांचं 'तोपोस' हे पथक पुढे जगभरच्या भूकंपांत मदतीला जाऊ लागलं. या शहराचा स्वभाव मला विचाराल तर तो तिथे दिसतो.

२०१७ मध्ये त्याच तारखेला, त्या दिवशीची वार्षिक कवायत उरकून दोनेक तास झाले होते तोच, पुन्हा मोठा भूकंप आला. ढिगाऱ्यावर कुणी मूठ वर केली की शेकडो माणसं एका क्षणात गप्प व्हायची, कारण आतून हाक ऐकू येण्याची शक्यता असायची. किनाऱ्यावरच्या संवेदकांनी धोका ओळखून शहरात भोंगे वाजवण्याची व्यवस्था १९९१ पासून आहे. केंद्र दूर असेल तर ती मिनिटभराची सवड देते. हॉटेलात खोली मिळाल्यावर जिना कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

त्लातेलोल्कोला मुद्दाम जावं. एका चौकात मेशिका देवळाचे चौथरे, त्याच दगडांचं सतराव्या शतकातलं चर्च आणि मागे साठच्या दशकातल्या इमारती असं तिन्ही एकत्र आहे. कुआउतेमोक इथे हरला. इथल्या फलकावर त्या दिवसाला विजयही म्हटलेलं नाही आणि पराभवही. आजच्या मेक्सिकन माणसाचा तो वेदनेतून झालेला जन्म होता असा त्याचा आशय आहे. आणि याच चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिकला दहा दिवस उरले असताना, सैनिकांनी विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळ्या झाडल्या. त्यांच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड चौकात आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला मोर्चा निघतो.

या शहराने आपली गोष्ट भिंतींवरही मांडली. मेक्सिकन क्रांतीनंतर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. शिक्षण मंत्रालयाच्या दोन अंगणांभोवतीच्या तीन मजल्यांवर दिएगो रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात दोनशेहून अधिक चित्रचौकटी रंगवल्या. खाणमजूर, रंगारी, मक्याची कापणी, जत्रा. वरच्या मजल्यावर 'आमची भाकरी' या अर्थाचं एक चित्र आहे. मेजाभोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं बसली आहेत आणि मध्ये भाकरी मोडणारा सावळा, धारदार चेहऱ्याचा गृहस्थ आहे तो पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचा हा मुलगा देश स्वतंत्र करायला बाहेर पडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत शिरला, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढला, आणि परतीची वाट बंद झाल्यावर मेक्सिकोला आला. इथे त्याने गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. त्याच्या कणसांची छायाचित्रं तिना मोदोत्तीने काढली. स्वातंत्र्यानंतर तो भारतात परतला आणि १९६७ मध्ये नागपुरात वारला. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्याला जितकी जागा मिळाली, त्याहून ठळक जागा त्या भिंतीवर आहे, याचं मला वाईट वाटलं.

आज सुमारे ब्याण्णव लाख माणसं या शहरात राहतात, उपनगरांसह दोन कोटींहून जास्त. पाऊस आपल्यासारखाच जूनपासून येतो, दुपारनंतर कोसळतो, रस्ते तुंबवतो आणि बोगद्यांतून निघून जातो. मग पिण्यासाठी कुत्सामाला योजनेचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून, अकराशे मीटर वर चढवून आणावं लागतं. उरलेलं बहुतांश जमिनीखालून उपसलं जातं, आणि खचणाऱ्या जमिनीत फुटलेल्या नळांतून त्यातलं बरंचसं गळून जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात कुत्सामालाची धरणं तीस टक्क्यांच्या खाली गेली होती. पूर्वेच्या इस्तापालापा भागात बायका टँकरची वाट बघत पिंपं मांडून बसतात. लातूर-मराठवाड्याच्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायला नको. अलीकडे तिथल्या हजारो घरांवर पावसाचं पाणी साठवण्याच्या टाक्या बसवल्या गेल्यात. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

मेशिकांना सुचलेली गोष्ट अजून कुठे जिवंत असेल तर ती सोचिमिल्कोत. रंगीत नावा, गाणी आणि बिअर यांच्यासाठी लोक तिथे जातात. मी मात्र क्वेमान्कोच्या धक्क्यावरून शेतीच्या बाजूला नाव वळवायला सांगितली. कालव्यांच्या मधोमध चिनाम्पा आहेत, म्हणजे तळ्याचा गाळ आणि पाणवनस्पती यांचे थर रचून केलेली लांबट शेतं. काठाने वाळुंजासारखी सरळसोट झाडं लावतात. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात. ओला गाळ पसरून त्याचे चौकोन कापायचे, प्रत्येकात बी टोचायचं, रोप वर आलं की चौकोनासकट उचलून लावायचं. पाणी द्यावं लागत नाही, ते कडेने झिरपत येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले झरे शहराने नळांतून नेले, त्यामुळे कालव्यांत आता शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतात. त्यात आक्सोलोत्ल हा तुटलेला अवयव पुन्हा उगवू शकणारा उभयचर जेमतेम तग धरून आहे. १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार होते; २०१४ च्या गणनेत छत्तीस. पन्नास पेसोंच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. काही शेतकरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर त्याच्यासाठी गाळलेल्या पाण्याचे छोटे कालवे राखतात, आणि माझ्या नावाड्याने तसा एक दाखवताना वल्ह्याचा आवाजही होऊ दिला नाही.

खानखोजे जिथे शिकवत ती चापिंगोची शेतकी शाळा, आताचं विद्यापीठ, शहराच्या पूर्वेला आहे. तिथल्या चॅपेलमधली रिवेराची चित्रं बघायलाच हवीत. तिकडे जाताना बस तेश्कोको तळ्याच्या कोरड्या तळावरून जाते. इथे २०१५ पासून प्रचंड विमानतळ बांधायला घेतला होता. तो २०१८ च्या अखेरीस अर्धवट रद्द झाला. रद्द करण्यामागच्या राजकारणावर तिथे अजून वाद आहेत. खर्च बुडाला हे खरंच, पण खोऱ्यातल्या सगळ्यांत खोल, सगळ्यांत मऊ जागेवर धावपट्ट्या टाकणं म्हणजे कोर्तेसचाच निर्णय पुन्हा घेणं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आता तिथे सुमारे चौदा हजार हेक्टरांचं तेश्कोको सरोवर उद्यान आहे. विसाव्या शतकात या उघड्या खाऱ्या जमिनीवरून धुळीची वादळं उठून शहरावर यायची. सत्तरच्या दशकापासून खारं गवत लावून ती आटोक्यात आणली गेली, आणि पाणी साठवायला सुमारे हजार हेक्टरांचं तळं केलं गेलं. त्याला खचण्याचं कारण शोधणाऱ्या नाबोर कार्रियोचं नाव दिलंय. तेश्कोकोला पुन्हा पाणी आणावं ही कल्पना त्याचीच होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर उत्तर अमेरिकेतून आलेली बदकं आणि पाणपक्षी हजारोंनी बघायला मिळतात. दुर्बीण आणि टोपी बरोबर ठेवा, तिथे सावली जवळपास नाही.